नाव झाकून वाचलेलं पत्र

अमेरिकी नौदलाच्या रिक्रूटरने, म्हणजे भरती अधिकाऱ्याने, माझ्या पहिल्यावहिल्या शिफारसपत्रावर अंगठा ठेवला. जिथे जिथे माझं नाव होतं तिथे तिथे तो अंगठा सरकवत गेला आणि मला म्हणाला, ‘‘आता वाचा.’’ मी वाचलं. अत्यंत कष्टाळू. सर्वांना बरोबर घेऊन जाणारी. नेतृत्वगुण. कोणत्याही संस्थेला भूषणावह. कागद जाड, लेटरहेड चकचकीत, खाली आमच्या कंपनीच्या व्हाइस प्रेसिडेंटची निळ्या शाईतली ऐसपैस सही.

‘‘हे तुमच्याबद्दल आहे कशावरून?’’ त्याने विचारलं. ‘‘माझ्याबद्दलही असू शकतं. माझ्या कुत्र्याबद्दलही असू शकतं. तो फार कष्टाळू आहे.’’

ही २०२२ सालची गोष्ट. मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहते. रुग्णालयांना माल पुरवणाऱ्या एका कंपनीत गोदामं आणि वितरण बघते. तेव्हा मी अमेरिकी नौदलाच्या राखीव दलात अधिकारी होण्यासाठी अर्ज करत होते, तोही सप्लाय कोअरमध्ये, म्हणजे पुरवठ्याच्या शाखेत. या वाटेला डायरेक्ट कमिशन म्हणतात. सैन्यात एक दिवसही न काढलेल्या, पण आपल्या पेशात मुरलेल्या माणसाला थेट अधिकारी म्हणून घेतात. हुद्दा सगळ्यात खालचा, एन्साइनचा. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून साधारण दोन आठवडे नौदलाचे, बाकी दिवस आपली नोकरी आणि आपलं घर. नागरिकत्व लागतं आणि तेव्हा वयाची मर्यादा ४२ होती. मी २०१८ मध्ये नागरिक झाले होते आणि ३९ वर्षांची होते. वेळ होता, पण उधळायला नव्हता.

हे खूळ डोक्यात कुठून आलं, तर २०२० च्या वसंतातून. ३० मार्चला ‘कम्फर्ट’ हे नौदलाचं रुग्णालय-जहाज मॅनहॅटनच्या पिअर ९० ला लागलं, ते आम्ही गोदामातल्या टीव्हीवर उभ्याने पाहिलं. त्याच आठवड्यात आमच्या एका पुरवठादार कंपनीतली बाई, जिच्याशी मी दोन वर्षं रोज हातमोज्यांच्या पेट्यांवरून भांडत होते, ती ईमेलवरून गायब झाली. तिच्या नावाने उत्तर यायचं, ‘‘पुढील सूचनेपर्यंत मी गणवेशात आहे.’’ ती राखीव दलात लेफ्टनंट कमांडर होती, सप्लाय कोअरचीच. मला पत्ता नव्हता. भांडताना हुद्दा कोण सांगतं?

आणि थोडं त्याच्याही मागून आलं. माझे वडील मिरजेच्या एसटी डेपोत स्टोअरकीपर होते. ब्रेक लायनर, फॅनबेल्ट, डिझेल फिल्टर, सगळ्याची बिन कार्डं त्यांच्या हस्ताक्षरात. लहानपणी सुट्टीत त्यांच्याबरोबर गेले की मला एकच काम असायचं, कार्डावरचा आकडा आणि रॅकवरचा आकडा जुळतो का ते बघायचं. सप्लाय कोअरचा जन्म १७९५ चा आणि तिथेही मूळ काम तेच, हे वाचलं तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. त्या शाखेच्या बिल्ल्यावर ओकची तीन पानं आणि तीन फळं असतात. पण नौदलातल्या लोकांना त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा दिसतो, म्हणून पुरवठा अधिकाऱ्याला ‘चॉप’ म्हणायची रीत आहे. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

तर पत्रं. रिक्रूटरने दिलेल्या यादीत बाकी सगळं माझ्या हातातलं होतं. वालचंद कॉलेजच्या डिग्रीचं मूल्यांकन करून आणणं, इथल्या मास्टर्सची मार्कलिस्ट, बायोडेटा, आपण का येऊ इच्छितो याचं निवेदन, ब्रुकलिनच्या फोर्ट हॅमिल्टनला जाऊन वैद्यकीय तपासणी, जिथे पन्नासेक तरुण पोरांबरोबर मला बदकासारखं उकिडवं चालायला लावलं. हे सगळं आपल्या पायांनी, आपल्या पैशांनी होतं. पण ‘शिफारसपत्रं, किमान तीन, जास्तीत जास्त पाच’ ही ओळ मी शेवटपर्यंत टाळत राहिले.

कारण ‘शिफारस’ म्हटलं की मला आमच्या दारात बसलेली माणसं आठवायची. वडिलांकडे कुणीतरी यायचं, ‘‘साहेबांना जरा शब्द टाका, पोराला क्लीनरमध्ये चिकटवा.’’ वडील चहा द्यायचे, शब्द टाकायचे नाहीत. मला नोकरीसाठी वर्तणुकीचा दाखला लागला तेव्हा आम्ही दोघं एका राजपत्रित अधिकाऱ्याच्या कचेरीत गेलो. ‘सदर कुमारी यांना मी गेली पाच वर्षे व्यक्तिशः ओळखतो, माझ्या माहितीप्रमाणे त्यांची वर्तणूक चांगली आहे.’ छापील मजकूर, मोकळ्या जागेत नाव. साहेबांनी मान वर न करता सही ठोकली, शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. पाच वर्षं ओळखणाऱ्या त्या माणसाने मला अजूनही पाहिलेलं नाही. तेव्हा माझ्या मनात शिफारसीचे दोनच प्रकार होते, वशिला आणि शिक्का. एकाची लाज वाटायची, दुसऱ्याचं हसू यायचं.

म्हणून मी पहिली धाव घेतली ती शिक्क्याकडेच. कंपनीतला सगळ्यात वरचा माणूस पकडला. त्याच्या सेक्रेटरीने तीन दिवसांत पत्र पाठवलं. त्याला माझं आडनाव उच्चारता येत नाही, पण पत्रात स्पेलिंग बरोबर होतं.

अंगठ्याची परीक्षा त्याच पत्राची झाली.

घरी येताना मी ओक ट्री रोडवर गाडी थांबवून वडापाव खाल्ला आणि चिडचिड केली. त्या शनिवारी एका मित्राकडे गणपतीच्या तालमीची बैठक होती. तिथे मंडळातल्या एका काकांना माझ्या अर्जाचा सुगावा लागला. काका चाळीस वर्षांपासून इथे आहेत आणि त्यांच्या ओळखीचा नाही असा माणूस या राज्यात नाही. ‘‘अगं, मग आधी नाही का सांगायचं? आपले इथले खासदार, काँग्रेसमन, त्यांच्या ऑफिसातून पत्र आणून देतो. फंडरेझरला मी त्यांच्या शेजारी बसलो होतो.’’ मी म्हटलं, काका, ते मला ओळखत नाहीत. ‘‘मी ओळखतो ना तुला!’’ मग त्यांनी दुसरा सल्ला दिला, निवेदनात शिवाजी महाराजांचं आरमार घालायचं, सिंधुदुर्गापासून सुरुवात करायची. काकांवर माझा जीव आहे, म्हणून मी नुसती हसले. पण खरं सांगते, त्या रात्री काँग्रेसमनच्या पत्राचा मोह झाला होता. मिरज सोडून सतरा वर्षं झाली होती, पण मिरजेची भीती सुटली नव्हती. ओळख नसेल तर आपली फाइल तळाला जाते, ही ती भीती.

रिक्रूटरला विचारलं तर तो म्हणाला, आणू नका. निवड करणाऱ्या बोर्डासमोर अर्जदार जात नाही, फाइल जाते. तीत मार्क असतात, बायोडेटा असतो, अधिकाऱ्यांनी घेतलेल्या मुलाखतींचे शेरे असतात. या सगळ्यात तुम्ही कामाच्या जागी कशा असता हे सांगणारा एकच कागद, पत्र. ते जर न बघितलेल्या माणसाने लिहिलं तर ती जागा फुकट गेली. मोठी सही वाचणाऱ्याला मोठी सही दिसते, तुम्ही दिसत नाही.

त्या रात्री मी वहीत नावं लिहायला बसले. हुद्दे लिहायचे नाहीत असं ठरवलं. प्रश्न एकच घेतला, मला अडचणीत असताना कुणी पाहिलंय? यादी पटकन झाली आणि फार छोटी झाली. माझा थेट बॉस. नेवार्कजवळच्या एका रुग्णालयातली नर्स मॅनेजर. ती हातमोजेवाली लेफ्टनंट कमांडर. मास्टर्सचे माझे एक प्राध्यापक. आणि माझ्या रात्रपाळीचा सुपरवायझर, ज्याला आम्ही सगळे नुसतं ‘चीफ’ म्हणतो.

चीफबद्दल थोडं सांगायला हवं. तो नौदलातून चीफ पेटी ऑफिसर म्हणून, म्हणजे अधिकाऱ्यांच्या खालच्या शिपायांतला वरिष्ठ म्हणून निवृत्त झालेला, साठीच्या जवळचा माणूस. आयुष्य जहाजांच्या कोठारात गेलेलं. त्याच्या काळी त्या कामाला तिथेही स्टोअरकीपरच म्हणायचे. २००९ मध्ये ते नाव बदलून लॉजिस्टिक्स स्पेशालिस्ट केलं, याचा राग त्याला अजून आहे. नौदलात अधिकारी हुकूम देतात आणि जहाज चीफ लोक चालवतात, असं मला पुढे अनेकांनी सांगितलं. मला ते गोदामातच कळलं होतं. पण तो माझ्या हाताखाली होता. हाताखालच्या माणसाकडून शिफारस मागायची? रिक्रूटरही जरा थबकला. ‘‘सहसा वरच्यांकडून घेतात,’’ तो म्हणाला. मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, ‘‘निवृत्त चीफ? घ्या.’’

आता मागायचं कसं? मी मराठीत विचार करत होते आणि मराठीत मला फक्त ‘‘एक काम होतं तुमच्याकडे’’ एवढंच सुचत होतं. गळ घालणं मला जमत नाही. शेवटी लेफ्टनंट कमांडर बाईने मला वाक्य दिलं. ती म्हणाली, ‘‘पत्र द्याल का, असं विचारू नकोस. त्याला कुणी नाही म्हणत नाही. माझ्याबद्दल ठामपणे लिहिता येईल का, असं विचार. आणि नसेल जमत तर अजिबात वाईट वाटणार नाही, हेही सांग.’’

मी पाचही जणांना तसंच विचारलं. प्राध्यापकांनी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, तू माझी चांगली विद्यार्थिनी होतीस, पण त्याला बारा वर्षं झाली, ठामपणे लिहावं असं माझ्याकडे आता काही उरलेलं नाही. वाचून कानशिलं गरम झाली. तासाभराने त्यांचे आभार मानले. नाहीतर त्यांनी ‘कष्टाळू’ लिहून दिलं असतं आणि मी ते लावलं असतं.

बॉसची तऱ्हा वेगळी. आधी तर त्याला सांगणंच जड. पत्र मागायचं म्हणजे मी काही शनिवार-रविवार आणि न्यूपोर्टच्या प्रशिक्षणाचे पाच आठवडे नसणार, पुढे कधी बोलावणं आलं तर कदाचित वर्षभर नसणार, हेही सांगायचं. कायदा माझ्या बाजूने आहे. राखीव दलातल्या माणसाची नोकरी सेवेमुळे जाऊ नये यासाठी १९९४ चा युसेरा कायदा आहे. पण कायदा घेऊन बॉसच्या केबिनमध्ये शिरलं की चहा मिळत नाही. मी कायद्याचं नाव काढलं नाही. मी नसताना कोण काय बघेल याचा एक कागद नेला. त्याने कागद वाचला, सुस्कारा टाकला आणि आनंदाने म्हणाला, ‘‘देतो की! तूच लिहून आण, मी सही करतो.’’

हे वाक्य मिरजेत ऐकलं असतं तर मला काहीच वाटलं नसतं, मी लगेच लिहायला बसले असते. इथेही बसलेच. अर्धं पान लिहिलं आणि अंगठा आठवला. स्वतःबद्दल दुसऱ्याच्या तोंडून लिहायला गेले की माझ्या हातून हटकून ‘कष्टाळू’च उतरत होतं. खोटं तर होतंच, पण त्याहून मोठी पंचाईत व्यवहाराची होती. फाइलमधली दोन पत्रं एकाच हातची वाटली तर बाकीचीही संशयात जातात. मी त्याला म्हटलं, लिहून नाही आणत, अर्धा तास गाडीत फोनवर बोल. तो रोज पेनसिल्व्हेनियातून येतो, वेळ त्याच्याकडे बक्कळ. मी फक्त विचारत गेले. मला बढती दिलीस तेव्हा दुसरं कोण होतं? मला का दिलीस? माझ्यावर शेवटचा कधी चिडलास? तो बोलत गेला आणि मी त्याचे शब्द जसेच्या तसे टिपून त्याला पाठवून दिले. पत्र त्याने स्वतः लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, ‘ती मला वाईट बातमी सकाळी सातच्या आत देते.’ असं वाक्य मला जन्मात सुचलं नसतं. मला तो दोष वाटत होता.

प्रत्येकाला मी एक छोटं पाकीट दिलं होतं. पहिल्या पानावर पुरवठा अधिकारी नेमकं काय करतो हे पाच-सहा ओळींत, कारण नर्स मॅनेजरला वाटत होतं की मी जहाज चालवायला जाणार आहे. मग बायोडेटा, माझं निवेदन, आणि आपण दोघांनी मिळून काय काय निस्तरलं त्याची यादी, तारखा-आकड्यांसकट. लोकांना आपल्याबद्दल चांगलं मत असतं, पण प्रसंग आठवत नाहीत. तारीख दिली की प्रसंग आठवतो, आणि मग त्यांना जे आठवतं ते आपल्या यादीपेक्षा कितीतरी चांगलं असतं. शेवटी कोरड्या गोष्टी. एक पान, लेटरहेड असेल तर त्यावर, किती वर्षांपासून आणि कोणत्या नात्याने ओळखता ते पहिल्या परिच्छेदात, ताजी तारीख, हाताने सही, पीडीएफ. मुदत मी खऱ्या मुदतीच्या तीन आठवडे आधीची सांगितली. हे वडिलांचं शिक्षण. डेपोत माल संपायच्या दिवशी मागणी टाकणाऱ्याला ते स्टोअरकीपर मानत नसत.

नर्स मॅनेजरचं पत्र सगळ्यात आधी आलं. तिने माझं कौतुक जवळजवळ केलंच नव्हतं. नुसता हिशेब दिला होता. अमुक तारखेला आमच्याकडे एन-९५ मास्क किती दिवसांचे होते, मी किती कबूल केले, किती पोचवले, आणि कबूल केलेल्यापेक्षा कमी पोचले त्या दोन वेळा मी आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं. बस्स. खाली सही.

चीफचं पत्र सगळ्यात शेवटी आलं आणि ते वाचून माझ्या पोटात गोळा आला.

त्याने एप्रिल २०२० मधली माझी चूक लिहिली होती. एका खेपेत आलेले, डॉक्टर-नर्सनी घालायचे संरक्षक गाऊन मी मागणीच्या क्रमाने वाटले होते, ज्याची ऑर्डर आधी त्याला आधी. कागदावर चोख. पण मोठ्या रुग्णालयांकडे ऑर्डर टाकायला माणसं असतात, त्यांनी रात्रीच टाकलेल्या. वृद्धांच्या तीन छोट्या नर्सिंग होमना एकही पेटी जाणार नव्हती. माझ्या ते लक्षातच आलं नाही. चीफने रात्री पावणेदोनला फोन केला. म्हणाला, ‘‘आकडे बरोबर आहेत बॉस, वाटप चूक आहे.’’ मी आधी चिडले, दिवसभरात सोळा तास झाले होते. मग गाडी काढून गोदामात गेले. लादलेले दोन ट्रक उतरवले, पहाटेपर्यंत सगळं पुन्हा वाटलं, आणि सकाळच्या कॉलवर वाटपात माझी चूक झाली होती असं सांगितलं. हे शेवटचं मी पार विसरले होते. चीफ विसरला नव्हता. त्याने लिहिलं होतं की त्या कॉलवर तोही होता, आणि बाई आता ‘सिस्टिमची चूक’ म्हणणार याची तो वाट बघत होता. पुढे लिहिलं होतं, मी जहाजांवर अनेक पुरवठा अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम केलं आहे. यांच्या हाताखाली पुन्हा करीन.

मी रिक्रूटरला फोन केला. ‘‘यात चूक आहे. माझी. काढायला सांगू?’’

‘‘नाव झाकून वाचा,’’ तो म्हणाला. मी वाचलं. झाकून काही उपयोग नव्हता, त्यात फक्त मीच बसत होते. पत्र तसंच फाइलला लागलं.

मध्येच सुरक्षा तपासणीचा एसएफ-८६ फॉर्म आला. राहिलेल्या जागा, नोकऱ्या, परदेशातले नातेवाईक, परदेशात कुणाशी नेहमीचा संबंध आहे, सगळं. यातही तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या तीन माणसांची नावं द्यायची असतात, मिळून निदान गेली सात वर्षं भरून निघतील अशी. त्यांच्याशी तपास करणारी माणसं बोलू शकतात. म्हणजे पत्रांचाच भाऊ, फक्त कान देऊन ऐकणारा. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो ते ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे मला इथे वेगवेगळ्या लोकांना तीनदा समजावून सांगावं लागलं. मिरजेला फोन लावून मावशीच्या मुलाची जन्मतारीख विचारली तर आई म्हणाली, ‘‘अमेरिकेच्या नेव्हीला बंड्या कशाला हवाय? तो तर साधं कुपवाडला जायचं तर बाइक विसरतो.’’ वडील फोनवर गप्प होते. पासपोर्ट बदलला तेव्हाही ते गप्पच होते. परक्या देशाची वर्दी ही त्याच्या पुढची पायरी. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, ‘‘तुला पत्रं कुणी दिली?’’ मी सांगितलं. चीफचं सांगितलं तसं त्यांनी मध्येच थांबवलं. ‘‘स्टोअरकीपरने दिलं?’’ मग पुन्हा म्हणाले, ‘‘हाताखालच्या स्टोअरकीपरने?’’ आणि फोन आईकडे दिला.

मुलाखती तीन झाल्या. दोन व्हिडिओवर आणि एक प्रत्यक्ष. तिन्हींत गाऊनचा विषय निघाला. एका कमांडरने तर दुसरं काही विचारलंच नाही. त्या रात्री ट्रक उतरवायला कोण कोण होतं, त्यांना जादा वेळेचे पैसे कसे दिले, मोठ्या रुग्णालयाला कमी माल गेल्यावर त्यांच्याशी कोण बोललं, असं तो खणत राहिला. मला सगळं येत होतं, कारण ते माझ्यावरून गेलं होतं. व्हाइस प्रेसिडेंटचं पत्र लावलं असतं तर त्याने काय खणलं असतं?

आणि एवढं सगळं करून २०२२ च्या बोर्डात माझी निवड झाली नाही.

कारण कळत नाही. ‘निवड नाही’ एवढंच येतं. जागा थोड्या आणि अर्ज फार, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मी आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही. काकांनी कुठून तरी ऐकलं आणि फोन करून फक्त ‘‘काँग्रेसमन’’ एवढा एकच शब्द म्हणाले.

पुढच्या बोर्डाला पुन्हा जायचं तर पत्रं नवीन तारखेची हवीत असं रिक्रूटरने सांगितलं. हे मला पहिल्या वेळेपेक्षा जड गेलं. एकदा मागण्यात संकोच असतो. हरून आल्यावर पुन्हा त्याच दारात उभं राहण्याची लाज वेगळी. मी चौघांना निकाल स्पष्ट सांगितला आणि म्हटलं, वर्षभरात तुमचं मत बदललं असेल तर तसं सांगा. नर्स मॅनेजरने तारीख बदलली आणि वर्षभराचे नवे आकडे जोडले. लेफ्टनंट कमांडर बाईने पत्र मुळातूनच नवीन लिहिलं. पहिल्यात तिने मी पुरवठादाराशी कशी भांडते ते लिहिलं होतं, दुसऱ्यात माझ्याशी भांडून आपण कुठे हरलो ते लिहिलं. बॉस दरम्यान दुसऱ्या कंपनीत गेला होता, त्याने नव्या लेटरहेडवर जुन्या ओळखीचं पत्र दिलं. आणि नव्या बॉसकडे मी गेलेच नाही. तिला येऊन चारच महिने झाले होते. तिने मला अडचणीत पाहिलं नव्हतं.

चीफ म्हणाला, ‘‘मी एक अक्षर बदलणार नाही. तारीख बदलतो.’’ बदलली आणि पाठवली.

२०२३ च्या बोर्डात झाली निवड. पहिल्यात काय कमी पडलं आणि दुसऱ्यात काय भरलं, याचा अंदाज मी पुष्कळ बांधला, मग सोडून दिला.

शपथेच्या दिवशी नवीन अधिकाऱ्याला पहिला सॅल्यूट जो शिपाई किंवा चीफ ठोकतो, त्याला चांदीचा एक डॉलर द्यायची तिथे जुनी रीत आहे. मी नाण्यांच्या दुकानातून १९२२ चा एक पीस डॉलर आणला होता. चीफ आपला जुना गणवेश घालून आला. कमरेला तो जरा तंग झाला होता, पण बटणं लागत होती. वडील व्हिडिओवर, मिरजेत रात्रीचे साडेअकरा. आईने मागून नातेवाइकांची अख्खी फळी उभी केली होती, बंड्यासकट.

त्याने सॅल्यूट केला, मी उत्तर दिलं, हात मिळवताना नाणं त्याच्या तळव्यात ठेवलं. त्याने ते उलटं करून तारीख वाचली, मग खिशात टाकलं.

‘‘बॉस,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘सोमवारी सलाइनचे दोन कंटेनर येतायत आणि तीन नंबरचा डॉक बंद आहे.’’

‘‘काय म्हणतायत ते?’’ वडिलांनी फोनमधून विचारलं.

‘‘माल येतोय आणि उतरवायला जागा नाही म्हणतायत, बाबा.’’

‘‘मग उभी कशाला आहेस?’’ वडील म्हणाले.